शंतनूचा फोन

१४ नोव्हेंबर

आलो एकदाचे चंदीगडला! नाशिकहून अठ्ठावीस खोकी निघाली होती, अठ्ठावीसच पोचली. मी तीनदा मोजली. अभिषेक म्हणाला, वायुदलात मी उगाच आहे, पहाऱ्यावर तुलाच ठेवायला हवं होतं. म्हणू दे. अकरा वर्षांत हे सहावं घर. इतक्या बदल्या झाल्या की माणूस संशयाने दुधात पाणी आणि पाण्यात दूध शोधायला लागतो.

घर मात्र बघताक्षणी आवडलं. वसाहतीच्या टोकाला तळमजला, पुढे हिरवळीचा तुकडा, मागे किन्नूचं, म्हणजे इकडच्या संत्र्याचं, झाड, आणि ते फळांनी लगडलेलं. ईश्वरीने आल्या आल्या बूट न काढता तीन किन्नू तोडले. मग 'गोटू' कुठल्या खोक्यात आहे म्हणून भोकाड पसरलं. गोटू म्हणजे माझ्या जुन्या इरकलीचा शिवलेला हत्ती. नऊ वर्षांची घोडी झाली तरी त्याच्याशिवाय झोप नाही. एकोणिसाव्या खोक्यात सापडला, तेव्हा कुठे घर शांत झालं.

घर ताब्यात घेताना यादी असते: पंखे सहा, गिझर दोन, पडद्यांचे दांडे अकरा. प्रत्येक नळ सोडून बघितल्याशिवाय मी सही केली नाही. यादीत नसलेल्या दोनच गोष्टी निघाल्या. ओट्यावर स्टीलचा मोठा डबा, आत चकल्या आणि बेसनाचे लाडू, झाकणावर नाव कोरलेलं: सौ. सुहासिनी रा. शिंदे. आणि हॉलमधल्या कपाटात टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, एक जुना फोन, सोबत चिठ्ठी. आमच्या आधी इथे राहणारे शिंदे मूळचे साताऱ्याचे, चारच दिवसांपूर्वी जोरहाटला बदलून गेलेले. सुहासिनीताईंनी लिहिलं होतं की हे तुमच्या लेकीसाठी ठेवतेय, आमचा शंतनू आता खेळत नाही. याचे रिमोट मोडलेत, पण अ‍ॅप उघडलं की फोनच रिमोट होतो. डबा सवडीने पाठवा.

परमुलखात आपल्या माणसाने दिवाळीचा फराळ ठेवून जावं! माझे तर डोळेच भरून आले. डबा परत करताना रिकामा पाठवायचा नाही, तिळाच्या वड्या करून भरून पाठवायचा, हे तेव्हाच ठरवून टाकलं.

१७ नोव्हेंबर

अभिषेक आज दीड महिन्यासाठी जैसलमेरला गेला. घरात आम्ही दोघीच. ईश्वरीने गेमचं यंत्र जोडलं. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण गंमत आहे खरी. फोनच्या काचेवर बटणं उमटतात: पुढे, मागे, उडी, हात धर. तार नाही, काही नाही. टीव्हीवर दोन बाहुले, एकाला लाल टोपी, दुसऱ्याला हिरवी. दोघांनी हातात हात घालून नद्या, भिंती ओलांडायच्या. बाहुला आपटला की आपल्या हातातला फोन थरथरतो.

ईश्वरीने जुना फोन घेतला. तो जोडला की पडद्यावर अक्षरं येतात: शंतनूचा फोन. त्याची हिरवी टोपी. माझ्या फोनची लाल. जिंकली की ईश्वरी बाहुल्याला तीन उड्या मारायला लावते आणि स्वतःही सोफ्यावर तीन उड्या मारते. सोफा सरकारी आहे, यादीत आहे, हे तिला चारदा सांगून झालं.

तिच्याशी मी मराठीत बोलते, ती उत्तर देते हिंदीत. मी आई नाही, मम्मा. नाशिकच्या आजीला याचं फार वाईट वाटतं.

२१ नोव्हेंबर

आज खेळाचा घोळ झाला. मी माझ्या फोनवर उडी दाबावी आणि ईश्वरीचा हिरवा बाहुला उडावा; तिने दाबावं आणि माझा चालावा. ईश्वरी म्हणाली, मम्मा, क्रॉस हो गया. दोन्ही फोन एकाच वेळी काढायचे आणि आपापल्या क्रमाने पुन्हा जोडायचे, की ज्याचं त्याला मिळतं. तसं केलं, सुटलं.

दुसरी गोष्ट तशी सरळ नाही. मी कणीक मळत होते, ईश्वरी माझ्या फोनवर लाल टोपी खेळवत होती. जुना फोन टीपॉयवर पालथा पडला होता. आणि हिरवी टोपी तिच्याबरोबर चालत होती. नुसती चालत नव्हती, नदीजवळ थांबून हात पुढे करत होती. मी विचारलं तर ती सहज म्हणाली की शंतनू खेल रहा है.

म्हणजे शेजारचं कुणीतरी आमच्या वायफायवर बसलंय. पासवर्ड बदलला. वरच्या मजल्यावर ढिल्लन भाभी राहतात, गोड बोलतात, रविवारी मोहरीच्या पाल्याचं साग पाठवलं होतं. गोड बोलणाऱ्यांवर माझी पहिली नजर.

२५ नोव्हेंबर

पासवर्ड तीनदा बदलून झाला. हिरवी टोपी येतेच आहे.

आज सागाचं भांडं परत द्यायच्या निमित्ताने वर गेले (चिवडा भरून नेला, उगाच नाव नको). ढिल्लन भाभींची दोन्ही मुलं कॅनडात. घरात साधा स्मार्टफोनसुद्धा धड कुणाला वापरता येत नाही. माझा संशय फुकट गेला आणि लाज वाटली.

पण त्यांनी शंतनूबद्दल जे सांगितलं ते ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला. दहा वर्षांचा, गुणी, डावखुरा मुलगा. सदानकदा त्या खेळापुढे. जुलैत एके दिवशी टीव्हीसमोर बसला तो बसलाच. डोळे उघडे, श्वास चालू, पण भरवलं तरच खातो, उचललं तरच उठतो. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. जाताना त्याला चाकाच्या खुर्चीवरून गाडीत बसवलं. भाभी म्हणाल्या की शेवटच्या दिवशी सुहासिनी पुन्हा पुन्हा एकच विचारत होती: नव्या घरात लहान मूल आहे ना? नक्की आहे ना?

आमचा आता खेळत नाही, असं लिहिलं होतं तिने चिठ्ठीत.

जुना फोन बंद करून कपड्यांच्या कपाटात, साड्यांखाली ठेवला. कुलूप लावलं.

२ डिसेंबर

ईश्वरी गप्प गप्प आहे. खेळ बंद केला म्हणून रुसली असेल, असं धरून चालले होते.

आज सकाळी अकरा वीसला कपाटातून घरघर आली. फोन थरथरत होता. बंद केलेला फोन. एक वाजता ईश्वरी शाळेतून आली तेव्हा गुडघा फुटलेला. बाईंनी वहीत लिहून दिलं होतं की लहान सुट्टीत, अकरा वीसला, पायरीवरून पडली.

योगायोग असेल. पण मी वेळ टिपून ठेवली आहे.

५ डिसेंबर

योगायोग नाही. तीन दिवसांत चार वेळा. ती ठेचकाळली की फोन थरथरतो. आधी बाहुला पडल्यावर थरथरायचा.

कुलूप तसंच आहे. किल्ली माझ्या गळ्यात आहे.

सुहासिनीताईंना फोन केला. खूप आपुलकीने बोलल्या. मग विचारलं की लेक खेळते ना? मी खेळ बंद केला म्हटलं. त्यावर म्हणाल्या, तो शंतनूचा फोन तेवढा पाठवून दे गं. आणि रिकामा पाठवू नकोस, आपल्यात तसं करत नाहीत.

मी म्हटलं, रिकामा डबा म्हणताय ना? त्यांनी फोन ठेवला.

८ डिसेंबर

धुकं. शाळेला सुट्टी. दुपारी ईश्वरी जेवत होती. मी आतल्या खोलीत कपाट उघडलं, फोन हातात घेतला. काचेवर बटणं आपोआप उमटलेली. काय बुद्धी झाली, देव जाणे. उडी दाबली.

बाहेर ताट आदळल्याचा आवाज.

धावत गेले. वरण जमिनीवर, ईश्वरी उभी. रडत नव्हती. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली की मम्मा, मैंने नहीं किया.

पोरीला पोटाशी धरून किती वेळ बसले होते कोण जाणे.

१० डिसेंबर

सकाळपासून ती उठत नाही. डोळे उघडे. श्वास चालू. गोटू मांडीवर दिला, धरला नाही.

मी 'पुढे' दाबलं की चालते. नाहीतर नाही. स्वतःच्या लेकीला बटण दाबून न्हाणीघरात नेलं मी आज.

डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे. ढिल्लन भाभी दारातच रडायला लागल्या. अभिषेकचा फोन लागत नाही, युनिटला निरोप दिलाय.

टीव्ही बंद केला तरी पडद्यावर दोघं दिसतात. लाल आणि हिरवी. हातात हात.

११ डिसेंबर

आता बास. गेमच्या यंत्रात जोडलेल्या फोनांची यादी असते. तिथे 'शंतनूचा फोन' वर जाऊन 'हा फोन विसरा' दाबलं. यंत्राने विचारलं, नक्की? मी म्हटलं, शंभरदा नक्की. दाबलं. दुपारी चार वाजले होते.

दोन्ही बाहुले गेले. पडदा काळा.

आणि ईश्वरीने मान वळवली! डोळे चोळले, इकडेतिकडे बघितलं आणि रडत रडत म्हणाली, आई पाहिजे.

आई म्हणाली! आयुष्यात पहिल्यांदा. मी आहे ना बाळा, इथेच आहे म्हणत तिला कुशीत घेतलं. देवापुढे साखर ठेवली.

१३ डिसेंबर

हिंडते, फिरते, खाते. बोलते तेही मराठीत, आणि किती स्वच्छ! आजीशी फोनवर बोलली, आजी तिकडे रडायची बाकी. ढिल्लन भाभींनी गुरुद्वाऱ्यातून कडा प्रसाद आणला.

थोडी बुजल्यासारखी वागते. भाभींना मात्र तिने लगेच ओळख दाखवली आणि विचारलं की मोती कुत्रा कुठंय. भाभींचा मोती ऑगस्टमध्येच गेला. आम्ही आलो नोव्हेंबरात.

ऐकलं असेल कुठेतरी.

पोळी डाव्या हाताने तोडते.

१४ डिसेंबर

गोटू सोफ्याखाली पडलाय. तीन दिवस. तिने विचारलं नाही.

मीही उचलला नाही. कोण उचलतंय ते बघायचंय मला.

१५ डिसेंबर

सुहासिनीचा फोन. हसत होती, रडत होती. शंतनू उठला. अकरा तारखेला, दुपारी चारला. चालला, जेवला. पाच महिन्यांनी.

म्हणाली, जरा वेगळा वागतो. हिंदीच बोलतो. मला मम्मा म्हणतो. भाषा काय, येईल परत, उठला हे महत्त्वाचं. फक्त एक धोशा लावलाय, गोटू कहाँ है, गोटू कहाँ है. मला विचारत होती, हा गोटू कोण गं?



मी ओरडले की ती माझी मुलगी आहे. फोन द्या तिच्या हातात. दोघांनी फोन एकदम धरायचे, काढायचे, पुन्हा जोडायचे, सुटतं. पाया पडते म्हटलं तुमच्या. तुमचा शंतनू इथे आहे, बोला त्याच्याशी.

ती शांतपणे म्हणाली की पाच महिने मी मुलाला घास भरवला आहे. आता त्याला फोनला हात लावू देणार नाही. तू काहीही म्हण.

१६ डिसेंबर

तिचा मेसेज. एकच.

डबा तुमच्याकडेच राहू द्या. मला भरलेला पोचला.

मग नंबर बंद.

तिला माहीत होतं. आधीपासून. अख्ख्या वसाहतीवर संशय घेतला मी, आणि जिने माझ्या ओट्यावर लाडू ठेवले तिच्यावर नाही. आपली म्हणून.

अभिषेक उद्या पोचेल. धुक्यामुळे विमानं बंद. जोरहाटला आगगाडीने जायचं. यंत्र, दोन्ही फोन, गोटू — सगळं बांधून.

त्याला आज नावाने हाक मारली. शंतनू. लगेच ओ दिली. माझ्या लेकीच्या तोंडाने. म्हणाला, काकू, तुम्ही चिडलात का माझ्यावर?

नाही रे बाळा.

१७ डिसेंबर

यंत्र बांधायला घेतलं, वायर काढली, तरी टीव्ही लागला —

पडद्यावर अक्षरं. अनोळखी फोन जोडू पाहत आहे.

हो दाबलं. हिरवी टोपी आली. मधोमध उभी. माझे दोन्ही फोन टेबलावर आहेत. हे जोरहाटवरून —

उडी मारली. एक.

दोन.

तीच आहे. माझी ईशू. कुणाचा तरी फोन चोरून —

जुना फोन शंतनूपुढे धरला. घे रे राजा, एक मिनिट धर, तुझ्या आईकडे जाशील. तो मागे सरकतोय. भिंतीला टेकलाय. म्हणतो, काकू, त्यात खूप अंधार असतो, मला परत तिथं नको —

धरायला लावू का? जबरदस्तीने? मूलच आहे ते. चेहरा तर माझ्याच —

ती वाट बघतेय. हात पुढे केलाय तिने. नदीजवळ करतात तसा.

तिकडे कुणीतरी आलं. फोन ओढतायत. हिरवी टोपी हलतेय, अर्धी पुसट —

शंतनू, घे. घे म्हणते ना. माफ कर मला, घे —

धरला. त्याने धरला, लाल टोपी आली. आता दोन्ही एकदम काढायचे, पुन्हा जोडताना आधी लाल, मग —

ईशू, थांब, तिसरी उडी मार, म्हणजे मला कळेल तूच —