एकाग्रता प्रमुखाच्या फेऱ्या

५ जानेवारी, सोमवार

आजपासून मी एकाग्रता प्रमुख! लिहितानाही हसू येतं. सकाळी वंदनेला बसलो, तर चित्त बुद्धांच्या तसबिरीवरून उठलं ते थेट स्कूटरच्या मागच्या चाकावर गेलं, तिथून बाजारातल्या वांग्यांवर. असा माणूस आता नागपूरच्या मिहानमधल्या बावीस चित्रकारांचं लक्ष ताळ्यावर आणणार.

आमची कंपनी लहान मुलांच्या गोष्टींची चित्रं काढते. ती मोबाइलवर हलतात, बोलतात. मालक रजत सर, वय चौतीस. बंगळुरूला कसलंसं शिबिर करून आले. मला बोलावून म्हणाले, "धम्मानंदजी, आपल्या पोरांचा फोकसच नाही. काम असं व्हायला पाहिजे का वेळेचं भान नको राहायला. तुम्ही पहा किती शांत असता! जेवणाच्या आधी डोळे मिटून बसता, मी रोज पाहतो न. हे तुम्हीच करा."

मी काही बोललो नाही. तेही त्यांना शांतपणाच वाटलं.

खरं हे की मला काम उरलेलं नाही. हजेरी माझ्याकडे होती, ती दिवाळीपासून दारावरचं यंत्र चेहरा पाहून लावतं. नाही म्हणायची सोय कुठे! आणि डोळे मिटून बसतो ते — कधी वंदना, कधी डुलकी. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

७ जानेवारी, बुधवार

पहिला उपाय — अकरा ते बारा मौन. सगळ्यांचे फोन टोपलीत. टोपली घरची, कांद्यांची. विहंग नावाचा एक मुलगा आहे, जिभेला हाड नाही. फोन टाकताना म्हणाला, "सर, माझ्या फोनले कांद्याचा वास आला तर भजी तुमच्याकडून."

तासाभरात एकच फोन वाजला. माझ्या खिशातला. बायको, नंदिनी — "सिलिंडरवाला आला, पुस्तक कुठं ठेवलं?"

९ जानेवारी, शुक्रवार

थट्टा संपली. रजत सरांनी दार लावून घेतलं. नवी चित्रकार भैरवी, तिची उमेदवारी या महिन्यात संपते. जंगलातल्या गोष्टीचं काम तिच्याकडे आहे. गोष्ट तिनंच रचायची, चित्रंही तिचीच. महिना झाला, कागद कोराच.

"हात चांगला आहे हो तिचा. पण निघूनच नाही राहिलं काही. तुम्ही तिच्यावर मेहनत घ्या अन् सत्तावीसले मले रिपोर्ट द्या. तुम्ही म्हणाल ते फायनल. कायम, नाही तर सुट्टी."

भैरवी कोराडीची. वडील वीज केंद्रात. मी तिला विचारलं, घरचे काय म्हणतात? म्हणाली, "बाबा म्हणतात, नोकरी टिकली तर काढ चित्रं. नाही तर गुपचूप बी.एड. कर." एवढं बोलून रबरानं कोरा कागदच खोडत बसली.

आजवर मी फार तर कुणाचा अर्धा दिवस कापला असेल. आता एका पोरीचं अख्खं आयुष्य माझ्या अहवालावर! रात्रीचं जेवण गेलं नाही. (भात थोडा गेला.)

१२ जानेवारी, सोमवार

भैरवीचं टेबल खिडकीपासून हलवून माझ्या खोलीत आणलं. खिडकीतून विमानं दिसतात, लक्ष जाणारच. इथं भिंत आहे. भिंतीकडे पाहून माणूस काय करणार? चित्रच काढणार.

दर थोड्या वेळानं फेरी घालतो. आधी भैरवी, मग मोठी खोली, मग परत भैरवी. कुणाजवळून मुकाट्यानं मात्र जाववत नाही. आमच्या गावात दारातून जाताना समोरचा शेंगा फोडताना डोळ्यांनी दिसत असला तरी विचारायचं — "काय करून राहिला गा?" त्यानं सांगायचं, "शेंगा फोडून राहिलो." मग पुढं जायचं. न विचारता गेलात तर संध्याकाळपर्यंत गावभर — "धम्मानंदले लय माज आला बाप्पा!"

तर मी विचारतो. जेवण झालं का, आई बरी आहे का, लक्ष लागलं का. विहंग तर मला लांबूनच पाहतो आणि एका दमात सांगून टाकतो, "जेवलो सर, आई मजेत, लक्ष लागलं होतं." 'होतं' का म्हणाला, कोण जाणे.

१३ जानेवारी, मंगळवार

भैरवीचा कागद कोरा. मीच बसून एक झाड काढून दाखवलं. फ्लॉवर दिसतं ते.

१५ जानेवारी, गुरुवार

नंदिनीनं दूध बघायला सांगितलं होतं. मी ओट्याशी उभा राहून एकाग्रतेचा विचार करत होतो. दूध गेलं. सगळं! ती म्हणाली, "भगुण्यावर चित्त नाही राहत तुमचं, अन् दुसऱ्याले शिकवून राहिले! पगार देणाऱ्याले एक दिवस घरी बोलवा, दाखवते."

ओटा पुसताना गावची शाळा आठवली. एक खोली, चार वर्ग, एकच गुरुजी. पहिलीचे पाढे आणि चौथीची कविता एकाच वेळी चालायची. बाहेर म्हशी. त्या गोंगाटात मी भागाकार शिकलो, तो आजही चुकत नाही. म्हणजे आवाजानं काही बिघडत नाही तर! मग या पोरांचं कशानं बिघडतंय? पुष्कळ विचार केला. सुचलं नाही. उद्यापासून एक फेरी वाढवतो.

१६ जानेवारी, शुक्रवार

भैरवीच्या डोळ्यांत पाणी. मी विचारलं, काय झालं? "काही नाही सर." पुन्हा विचारलं. मग पुन्हा. आपुलकीनंच विचारलं!

१९ जानेवारी, सोमवार

घसा बसला, अंगात ताप. डॉक्टरांनी तीन दिवस घरी राहा, बोलू नका असं सांगितलं. कंपनीची काळजी वाटते. माझ्यामागे कोण बघणार?

२० जानेवारी, मंगळवार

घरी. नंदिनीजवळून जाता-येता हाताच्या खुणेनंच विचारलं, काय करतेस? दुपारी ती उखडली — "मेथी निवडून राहिली! सकाळी विचारलं तेव्हा पोळ्या करून राहिली होती, त्याच्या आधी झाडून राहिली होती! घरातही ड्युटी लावली काय तुम्ही? एक पोळी सरळ नाही लाटू दिली." बायकांचा स्वभाव तापटच. झोपून राहिलो.

२२ जानेवारी, गुरुवार

दुपारी रुजू झालो. मोठ्या खोलीत शिरलो तर — कुणी मान वर करून पाहिलं नाही! शांतता होती असंही नाही. विहंग गुणगुणत होता. दोघे हत्तीच्या शेपटीवरून भांडत होते. फोन टेबलांवर पडलेले, टोपली रिकामी. पण सगळी खोली, चुलीवर काही रटरटत असावं, तशी चाललेली. भैरवी पुन्हा खिडकीपाशी. तीन वाजले होते, डबा उघडलेला नव्हता. हात भराभर चालला होता.

मनात म्हटलं, धम्मानंदा, आली तुझ्या मेहनतीला फळं! ऊर भरून आला. तसाच गेलो तिच्यापाशी आणि विचारलं, "काय, लागलं का लक्ष?"

तिचा हात थांबला. मागून विहंग हळूच म्हणाला, "लागलं होतं सर."

२३ जानेवारी, शुक्रवार

भैरवीनं चित्रं आणून दिली. म्हणाली, "तुम्ही आधी पहा सर. रजत सरांना मग दाखवते."

जंगल आहे. सुगरण खोपा विणते आहे, कोळी जाळं, मुंग्या ओळीत. आणि एक अस्वल फिरतं आहे. दयाळू, गोल पोटाचं. सगळ्यांची त्याला फार काळजी. सुगरणीला विचारतं — "काय करून राहिली?" तिच्या चोचीतली काडी पडते. कोळ्याला विचारतं, जेवण झालं का? त्याचा धागा तुटतो. मुंग्यांना विचारतं, आई बरी आहे का? ओळ विस्कटते. शेवटी जंगलात कुणाचंच काही पुरं होत नाही, आणि अस्वल चिंतेनं फेऱ्या वाढवतं.

मी मोठमोठ्यानं हसलो. खरंच हसलो. डोळे पुसायला चष्मा कपाळावर चढवला, तेव्हा दिसलं — अस्वलाचा चष्माही कपाळावर आहे. त्याच्या खिशाला दोन पेनं आहेत. मी खिशाला हात लावला. दोन.

भैरवीचा चेहरा उतरला. "राग नका मानू सर. मी दुसरं काढते. तुम्ही तीन दिवस नव्हते न... तेव्हाच निघालं. मले माहीतच नाही कसं निघालं."

मी "बघू" म्हणालो आणि निघून आलो. बघू! बी.एड.च्या भीतीनं पांढऱ्या पडलेल्या पोरीला मी बघू म्हणालो.

२५ जानेवारी, रविवार

वंदनेला बसलो. आयुष्यात पहिल्यांदा चित्त एका जागी पक्कं बसलं, अस्वलावर. कसं तेही लिहून ठेवतो. अहवालात नुसतं 'वरिष्ठांची टिंगल करते, गांभीर्य नाही' एवढं लिहिलं की झालं. कुणी मला विचारणार नाही. मीच फायनल. हे सगळं पंचशील म्हणताना सुचलं, चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या. तोंड म्हणत होतं, डोकं अहवाल लिहीत होतं.

चित्रांचा फोटो मोबाइलमध्ये काढून आणला होता, तो नंदिनीला दाखवला. ती भिंतीला टेकून हसली. "अवो, हे तर तुम्हीच! पण किती मायेनं काढलं वो पोरीनं. पोट पहा!" मग माझा चेहरा बघून आत गेली. थोड्या वेळानं चहा आणून ठेवला आणि काही न विचारता गेली.

तो चहा फार बरा लागला.

२७ जानेवारी, मंगळवार

अहवाल दिला, सोबत भैरवीची चित्रं. पाच ओळी लिहायला सकाळ गेली. लिहिलं — भैरवीला कायम करावं. एवढं चांगलं काम या कंपनीत झालेलं मी पाहिलेलं नाही. तिचं आणि सगळ्यांचं काम अडत होतं ते माझ्या विचारपुशीमुळे. मी नसताना ते आपोआप सुरू झालं. फेऱ्या बंद कराव्यात.

नंतर भैरवीच्या टेबलाजवळून गेलो. काही बोललो नाही! जीभ दातांखाली धरली होती. तिनंच मान वर केली. "काय करून राहिले सर?"

"जाऊन राहिलो," म्हटलं.

रजत सरांच्या खोलीतून हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

२९ जानेवारी, गुरुवार

भैरवी कायम झाली. वडिलांना फोन करताना रडली, मग सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली. अस्वलाची मालिका करायची ठरली, वर्षभर तरी चालेल म्हणतात.

दुपारी रजत सरांनी मला आत बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. "वाईट नका वाटून घेऊ धम्मानंदजी. तुम्ही स्वतःच लिहून दिलं न, फेऱ्या बंद करा म्हणून."

अस्वल राहिलं. मी शनिवारपर्यंत.