घर मेंटॉरच्या हवाली

मी, खाली सही करणारी, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, पण कायद्याला डोके शाबूत असले की पुरते.

१. माझे राहते घर वहिनीला हयातभर राहण्यासाठी, तिच्यामागे पुतण्याला. माझ्यामागे ते विकून आईला आपल्याकडे न्यायचा त्याचा बेत आहे. बेत प्रेमाचाच आहे, पण वहिनीला कोणी विचारले नाही. मी विचारले, तर म्हणाली, "मला इथंच राहायचंय वन्सं, पण पोराचं मन कसं मोडू?" म्हणून ते मी मोडते. वहिनीने भिडेखातर होकार दिला तरी ती असेपर्यंत घर विकता येणार नाही.

२. बाळा, तुझ्या कार्डावर 'मेंटॉर' छापले आहे. ग्रीक कथेतला राजा युद्धावर निघताना घरदार ज्या म्हाताऱ्या मित्राच्या हवाली करून गेला, त्याचे हे नाव. नावाचा शब्द झाला, शब्दाचा हुद्दा झाला, आता तासावर मिळतो. तुझे बाबा बोटीवर जाताना "घर बघ" एवढेच म्हणाले. ती बोट परत आली नाही. तुझ्या आईने घर बघितले, तुला बघितले, मला अजून बघते. माझ्या लेखी मेंटॉर ती.

३. माझा मोठा ॲटलस पुतण्याला. मूळचा ॲटलस खांद्यावर आभाळ पेलायचा, पुढे नकाशांच्या पुस्तकाला त्याचे नाव मिळाले. तूही लहानपणापासून घराचे आभाळ उचलून फिरतोस. ते आता खाली ठेव आणि आईला भेटायला येत जा.

४. माझ्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत चूक काढणाऱ्या सहशिक्षिकेला मी 'नेमेसिस' म्हणत असे. हल्ली या शब्दाचा अर्थ हाडवैरी. मुळात ती ज्याचे माप त्याच्या पदरात घालणारी देवी. म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिच्याकडे. पुतण्याही तिला टरकून असतो.

हे वाचून दाखवले तेव्हा वहिनीने विचारले, "तो राजा शेवटी आला का हो घरी?"

"आला. फार वर्षांनी."

"मग? घर जागेवर नको का?"

यापुढे पहिल्या कलमावर कोणीही वाद घालू नये.

स्थळ: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: वर शिक्क्यात आहे तो
सही: (निवृत्त शिक्षिका)

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई
२. सहशिक्षिका, म्हणजे वरील नेमेसिस. संपूर्ण वाचले. चूक आढळली नाही.