कॅलेंडरावरची हळद

गुरुजी, आपला क्लब पुन्हा खालच्या गटात गेला. तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी बोलायला मी कधी कागद हातात घेतला नव्हता. जे सांगायचं ते मैदानावर चक्कर मारताना मनातल्या मनात सांगून टाकत होतो, आणि तुम्ही ऐकता असं धरून चालत होतो. हे मात्र तसं सांगून भागत नाही. शनिवारची दुपार आहे, कूलर नुसता खडखडतो आहे, आणि बाहेर असं ऊन आहे की कडुनिंबाखालचं कुत्रं सावली सरकली तरी उठत नाही. माझ्या खिशात एक कागद आहे. आपला कप्तान सकाळी देऊन गेला. दुसऱ्या क्लबात जायचं तर आपल्या क्लबाची सही लागते, त्याचा कागद. उद्या सकाळी सरावाच्या वेळी घेतो, म्हणाला. सही करणारा आता मीच आहे, गुरुजी. तुमच्या खुर्चीवर एवढी वर्षं बसलो, पण खुर्ची टोचते ती आज.

पहिल्यांदा आपण खाली गेलो ते माझ्या पायानं. तुम्हाला आठवत असेल. नाही, तुम्हाला कुठून आठवणार, ती आठवण आता एकट्या माझ्याकडेच राहिली. नागपूरला शेवटचा सामना, बरोबरी झाली असती तरी भागत होतं. मी मागं न पाहता गोलकीपरकडे चेंडू दिला आणि तो गोल सोडून पुढं आला होता. चेंडू इतका हळू जात होता की मी धावलो असतो तर गाठला असता. मी धावलो नाही, बघत उभा राहिलो. परतीच्या पॅसेंजरमध्ये तुम्ही खिडकीकडे तोंड करून शेंगा सोलत होतात आणि एकेक मूठ सगळ्यांच्या हातावर ठेवत होतात, माझ्याही. पुढच्या रविवारी तुम्ही फक्कीचा डबा माझ्या हातात दिला. तळाला खिळ्यानं भोकं पाडलेला तो पत्र्याचा डबा आजही तोच आहे, फक्त कडी दोनदा बदलली. ज्याच्या चुकीनं सामना गेला त्यानं पुढच्या खेपेला मैदान आखायचं, आणि त्यानं एकदा डबा उचलला की त्या चुकीबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही, हा तुमचा नियम. मी दोरी बांधून पांढरी भुकटी पाडत चाललो होतो आणि डोळ्यांतून धारा. तुम्ही मागून आलात. "अबे, अगुदर डोये पूस. रेघ वाकडी झाली तं खेळणाऱ्यानं कोणाले विचारावं?" एवढंच रागावलात. मी ती रेघ पायानं पुसली आणि पुन्हा मारली.

त्या उन्हाळ्यात आपले पाच चांगले खेळाडू गेले. सिंदी स्टेशनच्या बाकावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून तुम्ही एकेकाची सही करत होतात, गाडी यायच्या आत. मी पेटलो होतो. "गुरुजी, तुमी सह्या करून काऊन देऊन राह्यले? बुडवता काय क्लब?" तुम्ही पेनाचं टोपण लावलंत. "जाऊ दे त्याईले. वय हाय त्याईचं. तू मागं किती राह्यले ते मोज." आम्ही नऊ जण होतो. नऊ जणांत फुटबॉल होत नाही हे सांगायला काही गुरुजी लागत नाही. मग तुम्ही सायकल काढलीत आणि हिंगणीवरून दोन भाऊ घेऊन आलात, ज्यांनी उभ्या जन्मात बूट घातले नव्हते. एकाला डावा कुठला नि उजवा कुठला हे बुटांवरून कळायचं नाही. तो म्हणायचा, "गुरुजी, पाय आखडते बाप्पा याच्यात." पहिलं वर्ष आपण असा मार खाल्ला की गावात तोंड लपवून फिरायचो. तुम्ही म्हणायचात, खाली बी मैदान तेवढंच लांब असते, तेवढं धावा. वेगानं पळणारे सगळे निघून गेले होते, म्हणून आम्हाला चेंडू एकमेकांना देत देत पुढं न्यायला शिकावं लागलं. तिसऱ्या वर्षी वर आलो. जो क्लब वर आला तो खाली गेलेला क्लब नव्हता, त्याच्यापेक्षा चांगला होता, हे मी तेव्हापासून ज्याला त्याला सांगत आलो. गेलेल्या पाचांतले दोघं परत आले तेव्हा त्यांना संघात जागा मिळायला दोन महिने थांबावं लागलं.

आता टीव्हीवर विलायतेतले क्लब दिसतात. तिकडेही मोठमोठे क्लब खाली जातात. काही पुढच्याच वर्षी छाती काढून वर येतात, काही एकेक पायरी उतरत जातात, आणि एक दिवस त्यांचं नाव निघालं की लोक विचारतात, हा अजून आहे का. मी शाळा फार शिकलो नाही, पण हे पाहून पाहून मला एवढं उमगलं की जे परत आले त्यांना आपण कशानं पडलो ते ठाऊक होतं. आपण मागल्या वेळी वर आलो, कारण सगळ्या गावाला माहीत होतं की तो चेंडू माझ्या पायानं गेला. या वेळी कोणाला काही माहीत नाही, गुरुजी. म्हणून माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुम्ही कार्डांची वही ठेवायचात. पिवळं कार्ड मिळालं की खेळाडूच्या नावापुढं ओल्या हळदीचं बोट, लाल मिळालं की कुंकवाचं. ज्यांना अक्षर लागत नव्हतं त्यांनाही कळावं म्हणून. तुमच्या मागं ती वही संपली. नवी आणायचा मला कंटाळा, म्हणून मी ओसरीवरच्या कॅलेंडरावर सामन्याच्या तारखेच्या चौकटीत नाव लिहून तिथंच हळद लावू लागलो. येताजाता दिसतं, उघडायची कटकट नाही. आमची ही म्हणायची, "भाजीले हळद कमी अन् तुमच्या फुटबॉलले जास्त." कित्येक वर्षं काही बिघडलं नाही. पण यंदा समोरचं झाड पडलं आणि त्या भिंतीवर दुपारचं ऊन थेट येऊ लागलं. उन्हानं हळद उडते हे सिंदीतल्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. तुमच्या वहीत ती झाकलेली राहायची.

शेवटून दुसऱ्या सामन्याच्या आदल्या दिवशी कप्तान ओसरीवर आला होता. सेलूला त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, हात काळे घेऊनच आला. "काका, मले दोन पिवळे झाल्यासारखे वाटते. पाहा बरं एकडाव." दोन झाली की एक सामना बाहेर बसायचं, हे तुमच्या वेळेपासूनचंच. मी उठलो, कॅलेंडराची पानं मागं उलटली, पुढं उलटली. "एकच हाय," म्हटलं. "खेळ तू." तो खेळला, दोन्ही गोल त्यानंच केले, आपण जिंकलो, पोट्ट्यांनी मला खांद्यावर घेतलं. चार दिवसांनी स्पर्धेच्या ऑफिसातून कळलं की बाहेर बसायचा खेळाडू खेळवला म्हणून तो सामना समोरच्यांना दिला. तेवढ्या गुणांनी आपण खाली गेलो. सगळे माझ्या ओसरीवर जमले, विचारू लागले, काका, असं कसं झालं? माझ्या तोंडून निघालं, "आपल्याकडं एकच कार्ड हाय. त्याईच्या हापिसात गडबड झाली असंन."

कोणी ते मानलं, कोणी नाही. ज्यांनी नाही मानलं त्यांनी सगळं कप्तानावर ढकललं. स्वतःचे कार्ड स्वतःले मोजता येत नाई काय बे, म्हणतात. आणि तो, गुरुजी, तो पुढच्याच रविवारी कोणी न सांगता फक्कीचा डबा घेऊन मैदानात उतरला. तेव्हापासून दर रविवारी तोच आखतो. तुमचा नियम आता अर्धाच उरला आहे. डबा उचलू देतात, पण त्यानंतर गप्प बसत नाहीत. मागल्या रविवारी एक जण ओरडला, "दुसऱ्या गटाची रेघ हाय, बारीक मार!" सगळे हसले. कप्तानानं मान वर केली नाही. मी गोलपोस्टाला टेकून उभा होतो, हातात शिट्टी होती, आणि मी ती वाजवलीसुद्धा नाही.

आज सकाळी तो आला तेव्हा चहा घेतला नाही. कागद पुढं ठेवला. "काका, सही करून देजा."

"जाऊन राह्यला तू?"

"नागपूरवाले बोलावून राह्यले. अन् इथं मी हाय तवरक पोट्टे खेळतच नाई काका, माह्या तोंडाकडंच पायत राह्यतात." मग म्हणाला, "त्या दिवशी तुमी कॅलेंडर पायलं होतं नं?"

"पायलं होतं."

"एकच टिपका होता?"

"एकच होता."

"मंग बरं. मले रोज वाटते दुसरं बी भेटलं होतं. डोक्यातून जात नाई. पण तुमी पायलं म्हणजे पायलं." आणि माझ्या पायाला हात लावून गेला.

त्याची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आमची ही दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "त्याच्या पाया पडाले पायजे होतं तुमी. सांगून टाका पोराईले एकडाव." मी म्हटलं, सांगितलं तर उरलेलेही जातील. "जाईन तं जाईन," ती म्हणाली. "तुमच्या गुरुजीनं बाकावर बसून सह्या केल्या म्हणून तुमीच सांगत राह्यता नं सगळ्याईले?" आणि आत गेली.

सही केली मी, गुरुजी. तो गेला की आपल्याकडे गोल करणारं कोणी उरत नाही. हिंगणीपर्यंत सायकल मारायचे माझे गुडघे राहिले नाहीत. आणि सायकल मारून गेलो तरी तिथल्या कोणाला सांगणार, चल, आमच्या क्लबात ये, आमचा क्लब पुन्हा वर येतो? मागल्या वेळी तुम्ही होतात. मी नुसता नऊ जणांतला एक होतो आणि मला फक्त रेघ सरळ मारायची होती. एवढंच मला येत होतं, आणि आज तेवढंच परत हाती यावं असं वाटतं.

जेवण झाल्यावर मैदानाच्या खोलीतून डबा घरी आणून ठेवला आहे. दाराशी आहे, उंबऱ्यावर थोडी पांढरी सांडलीसुद्धा. उद्या कप्तान यायच्या आत जाईन आणि मी आखीन. पोट्टे येतील, पाहतील. कोणाच्या हातात डबा आहे याचा अर्थ त्यांना सांगावा लागत नाही. पण कप्तानाला तोंडानं सांगावं लागेल, सगळ्यांसमोर, आणि तिथं माझी जीभ उचलेल का, याची मला खात्री नाही. हे पत्र कुठं टाकायचं? तुमची वही अजून माझ्या पेटीत आहे, तिच्यातच ठेवीन. मघाशी उघडली होती. एवढ्या वर्षांनी त्यातली हळद पिवळीच्या पिवळी आहे.

एक राहिलं. वर या कागदावरही मी उन्हानं हळद उडते एवढंच लिहून सोडून दिलं. ती उडाली होती, पण पुरती नाही. त्या दिवशी पान उलटलं तेव्हा कप्तानाच्या नावापाशी दुसरा फिकट डाग होता, नखाएवढा. मला तो दिसला होता, गुरुजी. दुसऱ्या दिवशी सामना होता आणि कप्तान हवा होता. मी पान पुढं उलटलं.