गाडीत लावलेला तुझा आवाज

प्रिय बाळू,

पितळी डब्यावर ठेका धरून तू कविता म्हणायचास, ती ठकठक आज सकाळपासून कानात आहे. बालाजी घाटावरच्या आपल्या खोलीत वडील छडी घेऊन समोर बसलेले, आणि यमक जुळलं रे जुळलं की तू डबा बडवायचास!

उद्या कोर्टात माझी साक्ष आहे. म्हणून लिहितोय. दुसऱ्या कुणाशी बोलू?

पोलीस ठाण्यातून तुझी गाडी सुटली. काच नाही, तुझ्या सीटवर काळा डाग. सीटखाली तुझा जुना एमपी-थ्री प्लेअर सापडला, आपण दोघांनी म्हटलेल्या कविता भरलेला. चालतोय रे अजून!

त्या दिवशी मैदागिनच्या बाजारात मी त्याचीच वायर गाडीच्या स्टिरिओला लावत होतो. "दादा, अर्धी नको, पूर्ण दाब. मास्टर असून एवढं नाही जमत?" तू हसत होतास. आरसा एका ई-रिक्षाला घासला, एवढंच. काच फुटली तेव्हा मी मान वर केली. रिक्षावाल्याच्या हातात लोखंडी पाना, आणि तू हात जोडून म्हणतोयस, "अरे भैया, गलती हो गई." का जोडलेस हात? एवढा भांडखोर तू! पुन्हा घाव. पुन्हा. सगळा बाजार बघत उभा होता.

आज वायर लावली, पूर्ण दाबली. स्टिरिओचा आवाज तू मोठाच ठेवला होतास. कर्कश फुटलास स्पीकरमधून, आणि मी डॅशबोर्डवर मुठी आपटत सुटलो, रक्त येईपर्यंत. कवितेच्याच तालावर आपटत होतो, बाळू! त्या रिक्षावाल्याचं डोकं असंच फोडावं, हाडं मोडताना ऐकावीत, असं वाटत होतं. जन्मभर पोरांना फुलपाखरांच्या कविता शिकवल्या मी!

वकील सांगतात, समोरचा वकील विचारणार, "सिर तो आपका नीचे था, देखा क्या?" बाजारातलं दुसरं कुणी साक्षीला तयार नाही. काल रिक्षावाल्याचे दोन दोस्त जिन्यात आडवे आले. "मास्टरजी, मणिकर्णिका पास ही है. ले जाने में दिक्कत नहीं होगी." स्मशानघाटाची धमकी दिली मला! वाटलं, उद्या आजारीच पडावं.

पण नाही. तुला शब्द देतो, जाईन. मान वर केल्यावर दिसलं तेवढंच सांगेन, पण सगळं सांगेन. मारून टाकलं तरी चालेल.

थांब, दार वाजतंय.

खलबत्त्याचा बत्ता हातात घेऊनच उघडलं. तेच दोघे असणार! पण दारात एक म्हातारी, ओठ फुटलेला, डोळा सुजलेला. कोर्टात रिक्षावाल्याच्या जामिनासाठी रडली होती तीच, त्याची आई. बत्त्याकडे बघून हललीसुद्धा नाही.

"मास्टरजी, उसकी कमीज हमने धोई थी. पानी लाल हो गया था. कल हमको भी कोर्ट ले चलिए."

तुझा,
दादा