‘इतर’ गटात मी एकटा

ती. ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

भाऊजींचा गुडघा अजून कुरकुरतो का? भाचीला चष्मा लागला म्हणे. तिला सांग, मामाला तो तिसरीतच लागला आणि तरी मामाचं काही अडलं नाही (लग्न सोडून). फोनवर तू ‘बरा आहेस ना?’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणतो, की संपलं. म्हणून हे पत्र. खरं सांगायचं तर इथे संध्याकाळी घरी बोलायला कोणी नसतं, आणि भिंतींना माझे विनोद पाठ झालेत.

गेल्या महिन्यात ऑफिसचा मोठा संगणक, म्हणजे सर्व्हर, अगदी रडकुंडीला आला. फाइल उघडायला सांगावी आणि चहा पिऊन यावं, तरी ती उघडतेच आहे. डिस्कवर कोणीतरी धडाधड लिहीत होतं, पण कोण? हिशेबवाल्या बाई म्हणाल्या, नकाशेवाले. नकाशेवाले म्हणाले, छपाईवाला. छपाईवाल्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. सर्व्हर सांभाळणारा मी, त्यामुळे सगळे भांडायला माझ्याच खोलीत येऊ लागले. (एरवी या खोलीत एसीची घरघर आणि मी.) मी एक खुर्ची मागून आणली, मग दुसरी. बाई तर येताना बिस्किटंही आणायच्या. भांडणं जोरात चालली होती ताई, पण मला फार बरं वाटत होतं.

शेवटी मी अक्कल पाजळली. प्रत्येक विभागाच्या प्रोग्रामांचा वेगळा गट केला आणि कोणता गट डिस्कवरून किती वाचतो, किती लिहितो, ते मोजायला लावलं. कुठेच न बसणारं सगळं, माझ्या स्वतःच्या कामासकट, ‘इतर’ नावाच्या गटात टाकलं. साहेबांना बोलावून थाटात पडद्यावर आकडे दाखवले. तिन्ही विभागांचं लिखाण जवळजवळ शून्य! सगळं ‘इतर’च्या नावावर. साहेबांनी विचारलं, "या इतरमध्ये आहे कोण?" माणूस म्हणावा असा मी एकटाच होतो, तेव्हा सगळे वळून माझ्याकडे बघू लागले.

पुढचे काही दिवस मी चोर. मग उलगडा झाला. प्रोग्राम स्वतः डिस्कवर लिहीतच नाहीत. मजकूर सिस्टिमच्या हवाली करतात आणि हात झटकून मोकळे होतात. सिस्टिमचा कारकून (तोही एक प्रोग्रामच) तो मागाहून सवडीने डिस्कवर उतरवतो. हा कारकून माझ्या ‘इतर’मध्ये, म्हणून सगळ्यांचं लिखाण माझ्या माथी. (लहानपणी पसारा आमचा, आवरायची तू, आणि भांडी आपटली म्हणून बोलणीही तुलाच. तसंच.) मग मजकूर ज्याने सोपवला त्याच्याच नावावर धरायची सोय केली आणि बाईंचा गट उघडा पडला. सगळ्या फायलींची नक्कल काढणारा त्यांचा प्रोग्राम ऐन कामाच्या वेळी चालायचा. तो पहाटेवर ढकलला. सर्व्हर आता सुसाट पळतो. तक्रार नाही, भांडण नाही, कोणी फिरकतही नाही. खुर्च्या छपाईवाला परत घेऊन गेला.

असो. सुट्टीत ये म्हणशील, तर मुळीच जमायचं नाही. माझ्यावाचून इथे पान हलत नाही. उगाच आग्रह करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. : रजा मंजूर झाली आहे. साहेबांनी मान वर न करता सही केली.

ता. क. २ : तू आग्रह केलेलाच नाहीस, हे माझ्या लक्षात आहे. भाचीची परीक्षा, तुमची दोन खोल्यांची जागा, सगळं ठाऊक आहे मला. मी स्वयंपाकघरातही झोपेन, आणि हल्ली घोरत नाही. (असं मला वाटतं, सांगायला कोणी नाही.) ताई, येऊ का?