व्हँकुव्हर, अवघे दोन तास

पुंडलिकनगर,
छत्रपती संभाजीनगर

चि. श्रीरंगास पैठणच्या पत्त्यावर दाजींचे भरघोस आशीर्वाद. आम्ही उभयता ठणठणीत. तुझी पाठ कशी आहे ते कळव. (मोबाईलवर लिहिलं की तू नुसता अंगठा दाखवतोस, म्हणून कागद घेतला.)

आपल्या चारुताचं पहिलं बाळंतपण ऑक्टोबरात, कॅनडात. आईबाबा दोघंही या, असा तिचा हट्ट. तुझ्या अक्कानं लगेच बॅग काढली. मी म्हटलं, आधी अंतर आणि वेळ पाहू. अडतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. वेळापत्रकात मला कोणी फसवू शकत नाही. दिल्ली ते व्हँकुव्हर अंतर अकरा हजार किलोमीटर. तिकिटावर छापलंय, दिल्ली पहाटे सव्वापाच, व्हँकुव्हर त्याच सकाळी सव्वासात. कर वजाबाकी. दोन तास! रस्त्याचं काम निघालं की सिल्लोडलाही एवढेच लागतात. वेग जरा जास्त वाटतो खरा, पण वर गतिरोधक नाहीत, हात दाखवणारे प्रवासी नाहीत, हेही धर.

तिकिटं काढून देणारी तनुजा म्हणाली, "काका, तसं नसतंय. तिथलं घड्याळ मागं असतंय." मी म्हटलं, मागं असेल तर त्यांनी दुरुस्त करून घ्यावं. माझं घड्याळ रोज सहा मिनिटं मागं पडायचं, म्हणून मी गाड्या उशिरा सोडल्या काय? तिनं पाणी मागवलं. (स्वतःसाठी.) परतीच्या तिकिटावर मात्र साडेपंचवीस तास निघतात. पृथ्वी गोल आहे. जाताना उतार, येताना चढ, एवढं साधं आहे. येतानाचं येताना बघू.

दोन तासांना डबा कशाला, तरी तुझी अक्का वीस दशम्या करणार म्हणते. बायकांना अंतराचा अंदाज नसतो. दिल्लीपर्यंत आम्ही रेल्वेनं जाऊ. (तिथंही विमान जातं म्हणतात, पण उगाच घाई कशाला?)

तुझा,
दाजी

ता. क. : अक्का बोलत नाही, पण तिला विमानाची धास्ती आहे. तिचा हात धरायला तू दिल्लीपर्यंत चल. सोडत असतील तर विमानाच्या पायरीपर्यंत. माझं काय, मी बिनधास्त आहे.

ता. क. दुसरा, अक्काच्या हातचा : श्रीरंगा, पाकीट चिकटवायला माझ्याकडं आलं म्हणून चार ओळी. चौदा तास लागतात हे चारुतानं मला कधीच सांगितलंय. तू यांच्यापुढं चकार शब्द काढू नको. जत्रेत आकाशपाळणा थांबवून ज्याला उतरवून घ्यावं लागलं, तो हाच माणूस. दोन तास म्हणून मन घट्ट केलंय, तर दोनच असू दे. चारुता फोनवर रडली रे. म्हणाली, आई, तू येशीलच, पण या वेळी मला बाबा पाहिजेत. म्हणून तू दिल्लीला नक्की ये, आणि ते आत जाईपर्यंत हात सोडू नको. उरलेले बारा तास मी त्यांना वर पोचल्यावर सांगते. तिथं उतरायची सोय नाय.