अर्धा सूर खाली

न्यू ऑर्लिन्स
सोमवार, ७ मार्च १९८८

प्रिय कॉर्लिस,

तुझं पत्र गुरुवारी आलं. आठ महिन्यांनी आलेलं पत्र घरात नेण्याइतकाही धीर मला नव्हता, दारातच उभ्या उभ्या वाचलं. पोस्टमन तुझी खुशाली विचारत थांबला होता, त्याला मी हातानेच पुढे जायला सांगितलं. तू हातमोजे विकतेस हे तुझ्या आईकडून कळलं होतं. बायका वीस जोड्या घालून बघतात आणि एकही न घेता निघून जातात, हे तू लिहिलंस ते वाचून हसू आलं.

आज सोमवार, म्हणून आपल्या गावच्या रीतीने लाल घेवडा शिजत ठेवलाय. ईस्टरपूर्वीचा उपवासाचा काळ, म्हणून त्यात मांस नाही, मांस नाही म्हणून चव नाही, आणि चव नाही म्हणून मी सकाळपासून सगळ्यांवर खेकसतेय. तुझी आई लुएला येऊन गेली. ती अजून भेटेल त्याला सांगते की न्यूयॉर्कच्या ऑपेरावाल्यांनी आपल्या पोरीचा रंग बघितला आणि कान बंद करून घेतले. मी तिला खोडून काढत नाही. तसं घडतं, मी ते स्वतः भोगलंय. पण तुझ्या तिथल्या परीक्षेच्या दिवशी तसं घडलं नव्हतं हे तुला माहीत आहे, आणि मला तर तुझ्याहून जास्त माहीत आहे.

तू विचारलं आहेस, माझ्या पुढच्या खोलीत चार महिने रोज लागणारा तो वरचा सूर गेला कुठे? पाच परीक्षकांसमोर आवाज फाटला तो का? तुझं म्हणणं, तिथल्या पियानोवाल्याने मुद्दाम पट्टी चढवली, नाहीतर तूच भित्री निघालीस. या दोन्हींतलं खरं काय ते मी सांगावं, कारण तुझ्याशी खोटं न बोललेलं जगात एकच माणूस आहे, असं तू लिहिलंस. ते वाक्य मी चार दिवस उशाला घेऊन झोपतेय.

तू सोळाची होतीस तेव्हा रविवारची प्रार्थना आटोपली की आपण दोघी ऑनोरेच्या जॅझ क्लबात जायचो. सकाळी चर्चमध्ये मी ऑर्गन वाजवायची, दुपारी तिथे पियानो. तू उभी राहिलीस की मी विचारायची, कुठून घेऊ, बाळा? तू एक ओळ गुणगुणायचीस आणि मी त्या पट्टीत सुरुवात करायची. जॅझमध्ये त्यात गैर काहीच नाही. गाणं गळ्याच्या मापाने बेतायचं. ऑनोरे कायम माझी टर उडवायचा. "अर्नेस्टीन, या पोरीला त्या इटालियन बायांसारखं किंचाळायला कशाला शिकवतेस? ती इथे खालच्या आवाजात गाते ना, तेव्हा माझे वेटर ग्लास पुसायचे थांबतात." मी त्याला म्हणायची, तू तुझी दारू ओत, गळ्यातलं तुला काय कळतंय. त्याला कळत होतं.

मागच्या मार्चमधला तो दिवस आठव. तुझ्या शिकवणाऱ्या बाई निवृत्त होऊन मुलाकडे निघून गेल्या होत्या, न्यूयॉर्कच्या परीक्षेला चार महिने होते आणि तयारी माझ्यावर आली होती. इटालियन गाण्याच्या शेवटचा तो सूर तीनदा फुटला. तू बाहेर पायरीवर जाऊन बसलीस, जेवली नाहीस. मी शेजारी येऊन बसले तेव्हा म्हणालीस, "नॅनन, हा सूर नसेल तर मग मी काय ग?"

दुसऱ्या दिवशी मी पट्टी अर्धा सूर खाली घेतली. तुला न सांगता. तू खिडकीकडे तोंड करून गात होतीस आणि तो सूर अलगद लागला. तू वळून माझ्याकडे पाहिलंस तो चेहरा मला अजून दिसतो. तिथेच सांगायला हवं होतं. आधी पोरीला धीर येऊ दे, मग हळूच वर नेऊ, अशी मी माझी समजूत घातली. मे महिन्यात तू दमायला लागलीस तेव्हा आणखी अर्धा उतरवला. जायच्या आदल्या आठवड्यात पट्टी जागेवर नेऊन पाहिली, तर पहिल्याच खेपेला सूर फुटला. तुला सर्दीची शंका आली. मी मध-लिंबू दिलं आणि पुन्हा खाली आले. स्वरलिपीचा कागद एक सांगत होता आणि बोटं दुसरंच वाजवत होती. चाळीस वर्षांत कमावलेलं कसब मी तुझ्यावरच चालवलं.

न्यूयॉर्कच्या त्या माणसाने पट्टी चढवली नव्हती. कागदावर होतं तेच त्याने वाजवलं. तू भित्री नाहीस. आठ महिने तू स्वतःला नावं ठेवत राहिलीस आणि मी ते होऊ दिलं.

का केलं असं विचारशील. अठराव्या वर्षी मला संगीतशाळेच्या पायरीवरून परत पाठवलं होतं. दारातला माणूस सभ्यपणे म्हणाला होता, "बाई, मागच्या दाराने आलात तर झाडूचं काम आहे." त्यानंतर बाप्तिस्म्याला मी तुला हातात धरलं, तुझी धर्ममाता, तुझी नॅनन झाले, आणि पाच वर्षांची तू माझ्या पियानोखाली बसून गायला लागलीस. त्या दिवसापासून तुझ्या गळ्यातून मी त्या पुढच्या दाराने आत जाणार होते. आत जायला वरचाच आवाज लागतो, असा माझा हट्ट. तुझा नव्हता.

शनिवारी फादरांजवळ हे पाप कबूल केलं. मला वाटलं, प्रार्थना सांगतील आणि सुटेन. ते म्हणाले, "देवाला सांगून झालं, अर्नेस्टीन. आता जिचं आहे तिला सांग."

तरीही मी आणखी वेळ काढला असता. पण तयारीच्या दिवसांत भरून ठेवलेल्या माझ्या साथीच्या सहा टेप तू मागवल्या आहेस. त्या लावून रोज रियाज केला की हरवलेला सूर परत येईल आणि एप्रिलमध्ये शिकागोला पुन्हा परीक्षा देता येईल, असं तू लिहिलंस. टेप या पाकिटात नाहीत. सगळ्या खालच्या पट्टीतल्या आहेत. त्यांच्या साथीने तुला सूर पुन्हा रोज लागेल आणि शिकागोत पुन्हा फाटेल. तुझं न्यूयॉर्कला काही हरवलं नाही, बाळा. तो सूर तुझ्या गळ्यात कधीच नव्हता. तुझा आवाज खालचा आहे, आणि असा खालचा आवाज मी उभ्या आयुष्यात दुसरा ऐकला नाही. तू एकोणीसची होतीस तेव्हापासून मला हे ठाऊक होतं. त्या आवाजासाठीही ऑपेरात गाणी आहेत, ती बसव आणि शिकागोला जा. साथीला मात्र दुसरं कोणी घे. आणि जो कोणी बसेल त्याला पहिल्याच दिवशी सांग, कागदावर आहे तेच वाजव.

तू अजून म्हणू देत असशील तर,
तुझीच,
नॅनन